जुनी गाडी, टर्बो इंजिन आणि रोजचा रस्ता : प्रस्तावना

पेट्रोल इंजिनाची ताकद शेवटी एकाच गोष्टीवर ठरते: मिनिटाला त्याच्या पोटात किती हवा जाते. पेट्रोल हवे तेवढे ओतता येते. ते जाळायला लागणारी हवा मात्र साधे इंजिन बाहेरच्या वातावरणाच्या दाबाने आत येईल तेवढीच घेते. टर्बोचार्जर ही मर्यादा ओलांडतो, आणि तेही फुकट जाणाऱ्या ऊर्जेवर. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जवळपास तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे धुरात निघून जातो. त्या धुराच्या वाटेत टर्बाइनचे चाक बसवायचे आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबणारे कॉम्प्रेसरचे चाक. धूर एका चाकाला फिरवतो, दुसरे चाक इंजिनात हवा कोंबते. दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत राहतो. यंत्र म्हणून याहून सोपी कल्पना क्वचितच सापडेल. अवघड आहे ते या यंत्राला मुळात टर्बोसाठी न घडवलेल्या इंजिनाशी नांदायला लावणे.

या पुस्तकाचा विषय तीन अटींनी बांधलेला आहे. गाडी जुनी आहे, ती रस्त्यावर चालवायची आहे आणि तिच्यावर भरवसा ठेवता आला पाहिजे. शर्यतीचे इंजिन दर शर्यतीनंतर उघडले जाते. त्याच्या पिस्टनला तडा गेला तर तो हिशेबात धरलेला असतो. रोजच्या गाडीला सकाळी थंडीत पहिल्या किल्लीला सुरू व्हायचे असते, दुपारी वाहतुकीत अर्धा तास उभे राहायचे असते आणि सुट्टीत घाट चढायचा असतो. मोजणीच्या रोलरवर पूर्ण ताकद दहा-पंधरा सेकंद लागते. मे महिन्यात बोरघाट चढताना तोच ताण काही मिनिटे सलग पडतो, आणि त्या मिनिटांत इंजिन, पाणी, ऑइल, बॉनेटखालची हवा असे सगळेच तापत जाते. रोलरवर उत्तम ठरलेली किती तरी इंजिने रस्त्यावर का टिकत नाहीत, याचे उत्तर बहुधा या फरकात असते.

टर्बोचार्जरचा जन्म मोटारीसाठी झालेला नाही. स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये धुरावर चालणाऱ्या टर्बाइनचे पेटंट घेतले, ते मोठ्या डिझेल इंजिनांचा विचार करून. ही कल्पना प्रत्यक्षात पुरेशी ताकद देऊ लागायला पुढची वीस वर्षे लागली, कारण तेवढ्या उष्णतेत टिकणारा धातूच नव्हता. पहिल्या महायुद्धात गरज विमानांची होती: उंचावर हवा विरळ होते आणि इंजिनाचा जीव जातो. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंचीच्या शिखरावर नेले आणि टर्बोने गेलेली ताकद परत मिळते हे दाखवले. तिथून जहाजे, आगगाड्या आणि ट्रक असा प्रवास झाला. १९५२ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत कमिन्सच्या टर्बो डिझेल गाडीने सुरुवातीची सर्वांत पुढची जागा पटकावली, शर्यत मात्र अर्धवट सोडली. टायरच्या रबराचे कण आणि कचरा हवेच्या तोंडात बसून टर्बो गुदमरला होता. हवेच्या फिल्टरकडे दुर्लक्ष केल्याची किंमत काय असते, हे सांगायला आजही १९५२ चे ते उदाहरण पुरे आहे.

प्रवासी मोटारीत टर्बो आला तो १९६२ मध्ये, अमेरिकेत, आणि एकाच वर्षी दोन रूपांत. शेवरोले कॉर्व्हेर मोन्झा स्पायडरच्या अभियंत्यांनी कॉम्प्रेशन ८ ला १ इतके खाली आणले आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला हवेचा दाब, आटोक्यात ठेवायला सायलेन्सरच्या अडथळ्याचा उपयोग केला. ओल्ड्समोबिल जेटफायरने उलटी वाट धरली: कॉम्प्रेशन १०.२५ इतके उंच ठेवले आणि नॉकिंग टाळायला मिथेनॉल व डिस्टिल्ड पाण्याचे मिश्रण हवेत फवारले. कागदावर दुसरे उत्तर अधिक देखणे होते. व्यवहारात मालक ती टाकी भरायला विसरत. टाकी रिकामी झाली की यंत्रणा बूस्ट कापून टाके आणि गाडी मरगळल्यासारखी चाले. या क्षेत्रातले आजचे बहुतेक वाद त्या एका वर्षातच सुरू झाले होते: कॉम्प्रेशन किती, उष्णता काढायची कशी, आणि मालकाच्या शिस्तीवर किती विसंबायचे.

सत्तरच्या दशकात युरोपने हा धागा उचलला. १९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो आणि पाठोपाठची पोर्श ९११ टर्बो या गाड्या गाजल्या, पण त्यांची ताकद उशिरा आणि एकदम येई. घरगुती गाडीच्या दृष्टीने खरे वळण साबने दिले. साब ९९ टर्बोमध्ये टर्बो लहान निवडला आणि जादा धूर बाजूने सोडणाऱ्या वेस्टगेटने बूस्टला लगाम घातला. ताकद शंभरच्या वेगाला नव्हे, रोज लागते त्या मधल्या फेऱ्यांत मिळू लागली. मग १९८२ मध्ये साबनेच नॉकिंग ऐकणारा सेन्सर आणून, इंजिन ठोकू लागले की बूस्ट आपोआप उतरवायची सोय केली. यानंतरची प्रगती धातूपेक्षा नियंत्रणाची आहे, आणि जुन्या गाडीला नव्याने टर्बो लावणाऱ्याने नेमकी हीच गोष्ट ध्यानात धरायची आहे.

जुन्या गाडीचे एक उदाहरण या पुस्तकात वारंवार येते, ते व्होल्व्हो २४० चे. १९७४ ते १९९३ एवढा काळ बनत राहिलेली ही स्वीडिश चौकोनी गाडी भारतात रस्त्यावर दिसत नाही, पण शिकायला तिच्याइतके स्वच्छ उदाहरण नाही. लाल रंगाच्या बिडाच्या ब्लॉकमुळे ‘रेडब्लॉक’ म्हणून ओळखले जाणारे तिचे चार सिलिंडरचे इंजिन कारखान्यानेच साध्या आणि टर्बो अशा दोन्ही रूपांत विकले. अमेरिकेत विकलेल्या २.३ लिटरच्या साध्या बी-२३० एफ इंजिनाचे कॉम्प्रेशन ९.८ आणि ताकद ११४ अश्वशक्ती. व्होल्व्होच्याच ७४० मालिकेतल्या टर्बो भावाचे कॉम्प्रेशन ८.७ आणि ताकद १६२. म्हणजे टर्बोसाठी काय बदलावे आणि काय तसेच ठेवावे, याचा कारखान्याने सोडवलेला नमुनाच समोर आहे. त्याच इंजिनात सावधगिरीचा धडाही आहे. १९८५ ते १९८९ च्या सुमारास त्यात बसवलेले कनेक्टिंग रॉड बारीक होते, नंतरचे जाड आहेत. बाहेरून दोन्ही इंजिने सारखी दिसतात. कोणत्या वर्षाचा ब्लॉक हातात आहे हे न पाहता बूस्ट वाढवणारा माणूस रॉड ब्लॉकमधून बाहेर आलेला पाहतो.

विश्वासार्हतेचा गाभा उष्णतेत आहे, आणि तो एका साध्या हिशेबातून उघड होतो. बाहेरची हवा ३० अंशांची आहे आणि बूस्ट अर्धा बार, म्हणजे हवा दीडपट दाबली जाते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर बाहेर पडणारी हवा सुमारे ८३ अंशांची असते. दाब दीडपट झाला खरा, पण हवा तापून फुगल्यामुळे तिची घनता वाढली केवळ १.२८ पट. मध्ये ७० टक्के क्षमतेचा इंटरकूलर बसवला तर तापमान ४६ अंशांवर येते आणि घनता १.४२ पट होते. ११४ ला १.४२ ने गुणले की १६२ येतात, आणि कारखान्याच्या टर्बो इंजिनाची नोंदही १६२ चीच आहे. या मेळात योगायोगाचा भाग आहे, कारण दोन्ही इंजिनांचे कॉम्प्रेशन वेगळे. तरी हिशेबाची दिशा बरोबर आहे. आता बूस्ट एक बार करा: त्याच कॉम्प्रेसरमधून हवा १२५ अंशांच्या आसपास निघते. बूस्ट दुप्पट झाला म्हणून फायदा दुप्पट होत नाही, इंटरकूलरवरचा भार मात्र जवळजवळ दुप्पट होतो.

तापलेली हवा केवळ विरळ नसते, ती धोकादायकही असते. ठिणगी पडली की ज्वाला सिलिंडरभर पसरत जाते आणि कडेला उरलेले मिश्रण दाबून तापवते. ते मिश्रण ज्वाला पोचण्याआधीच स्वतःहून पेटले की नॉकिंग होते. मिस्त्रीच्या भाषेत इंजिन ‘ठोकते’. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा तो आवाज ९६ मिलिमीटरच्या सिलिंडरात सहा किलोहर्ट्झच्या आसपास घुमतो. साध्या इंजिनात चढावर जरा ठोकणे वर्षानुवर्षे खपून जाते. बूस्टखाली तेच काही सेकंदांत पिस्टनच्या रिंगांमधला कठडा फोडते किंवा हेड गॅस्केट उडवते. ‘टर्बोने इंजिन खाल्ले’ असे म्हटले जाते तेव्हा बहुतेक वेळा इंजिन खाल्लेले असते नॉकिंगने, आणि नॉकिंगला जागा दिलेली असते कमी पेट्रोलने, पुढे असलेल्या टायमिंगने किंवा गरम हवेने.

या एका शत्रूशी लढायच्या पद्धतींवरूनच या क्षेत्रातल्या परंपरा वेगळ्या झाल्या. जुनी परंपरा कॉम्प्रेशन उतरवून बूस्ट वाढवण्याची. सातच्या आसपास कॉम्प्रेशन असलेले इंजिन भरपूर बूस्ट पचवते, पण टर्बो जागा होईपर्यंत सुस्त राहते आणि शहरात पेट्रोल जास्त पिते. दुसरी परंपरा मूळ कॉम्प्रेशनला फारसा हात न लावता बूस्ट अर्ध्या बारच्या आत ठेवण्याची. रस्त्याच्या गाडीसाठी ही दुसरी बाजू अधिक शहाणपणाची आहे, फक्त तिच्यात चुकीला जागा कमी आणि टायमिंगचे नियंत्रण अचूक लागते. साडेआठ ते नऊच्या दरम्यानचे कॉम्प्रेशन हा बहुतेक जुन्या दोन-झडपी इंजिनांसाठी समंजस मध्य ठरतो.

पेट्रोल पुरवण्यावरूनही अशाच वाटा फुटल्या. कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी ठेवला की पेट्रोल-हवेचे ओले मिश्रण कॉम्प्रेसरमधून जाते. रचना सोपी, पण इंटरकूलर लावणे धोक्याचे. कार्ब्युरेटर टर्बोच्या नंतर ठेवला की इंटरकूलर चालतो, मात्र मग फ्लोटच्या वाटीतला दाब आणि पेट्रोल पंपाचा दाब बूस्टबरोबर वाढवावा लागतो. १९८१ पासूनच्या मासेराटी बिटुर्बोने ही दुसरी रचना उत्पादनात आणली आणि बॉनेटखालच्या उष्णतेशी तिला झगडावे लागले. बॉशच्या यांत्रिक के-जेट्रॉनिक इंजेक्शनने साब आणि व्होल्व्होला चांगली साथ दिली, पण त्याच्या मापाबाहेर ताकद नेली की ते अपुरे पडते. आज नव्याने काम हाती घेणाऱ्याने संगणकाधारित इंजेक्शनच निवडावे, अशी या पुस्तकाची स्पष्ट भूमिका आहे. इंजेक्टरचे मापही अंदाजाने नव्हे, हिशेबाने काढता येते: १६० अश्वशक्तीला पूर्ण भारावर ताशी सुमारे ४३ किलो पेट्रोल लागते. ते चार इंजेक्टरांत वाटले आणि प्रत्येकाला ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडे ठेवायचे नाही असे ठरवले, की मिनिटाला तीनशे घनसेंटिमीटरच्या आसपासचा इंजेक्टर निघतो.

तिसरा वाद भागांचा. एक पक्ष फोर्ज केलेले पिस्टन, महागडे रॉड आणि नवे स्टड घातल्याशिवाय टर्बोला हात लावू देत नाही. दुसरा भंगारातला टर्बो आणि मूळ इंजिन यांवर भागवतो. दोन्ही पक्षांकडे टिकलेल्या आणि फुटलेल्या इंजिनांची उदाहरणे आहेत, आणि ती नीट पाहिली तर निवाडा भागांवर होत नाही. मोजूनमापून ट्यून केलेले मूळ इंजिन मर्यादेत राहून वर्षानुवर्षे चालते. चुकीच्या टायमिंगवरचे फोर्ज इंजिन फक्त थोडे उशिरा मरते. मजबूत पिस्टन चुकीला वेळ देतो, माफी देत नाही. म्हणून ताकदीचे लक्ष्य आधी ठरवायचे, मग त्या लक्ष्यावर इंजिनाचा कोणता भाग सर्वांत कमकुवत आहे ते शोधायचे, आणि तेवढाच बदलायचा. कॉम्प्रेशन आणि गळतीची चाचणी न करता टर्बो विकत घेणे म्हणजे पाया न पाहता मजला चढवणे होय.

विश्वासार्हता खरी वसते ती जाहिरातीत न दिसणाऱ्या तपशिलांत. टर्बोतून ऑइल परत आणणारी नळी हा त्यांतला सर्वांत दुर्लक्षित भाग. आत जाणारे ऑइल पंपाच्या दाबाने जाते, परतणारे मात्र फेस होऊन, केवळ आपल्या वजनाने खाली येते. नळी बारीक असली, तिला धुण्याच्या भांड्याखालच्या पाइपसारखा बाक असला, किंवा ती ऑइल पॅनमध्ये पातळीच्या खाली शिरत असली, की ऑइल टर्बोतच तुंबते आणि कडेने धुरात उतरते. मालकाला निळा धूर दिसतो. तो टर्बो बदलतो, धूर तसाच राहतो. टर्बोमधल्या सील पिस्टन रिंगसारख्या असतात. तुंबलेले ऑइल अडवणे हे त्यांचे कामच नाही. नळी रुंद हवी, सतत उतरती हवी, एवढ्याने तो धूर थांबतो.

तसेच क्रँककेसच्या श्वासाचे. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू नेहमीच खाली निसटतो. बूस्टखाली तो वाढतो आणि त्याला बाहेर पडायला वाट लागते. रेडब्लॉकमध्ये या वाटेवर फ्लेम ट्रॅप नावाची भोके पाडलेली, मुठीत मावेल एवढी प्लास्टिकची चकती असते. ती काजळीने बुजली की आतला दाब चढतो, ऑइलची डिपस्टिक आपोआप वर उचललेली दिसते आणि शेवटी क्रँकचे मागचे ऑइल सील बाहेर ढकलले जाते. ते सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. चकती साफ करायला दहा मिनिटे लागतात.

नव्या रिंगा बसवताना टोकांमधली फट शक्य तितकी घट्ट ठेवण्याचा मोह अनेक चांगल्या बोअरिंगवाल्यांनाही होतो, कारण साध्या इंजिनात ते कौशल्याचे लक्षण मानले जाते. बूस्टखाली वरची रिंग जास्त तापते, लांबते, आणि फट संपली की तिची टोके एकमेकांवर आदळून पिस्टनचा कठडा तोडतात. ९६ मिलिमीटरच्या सिलिंडरात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची फट टर्बोसाठी योग्य. बाकीच्या गोष्टी, म्हणजे थंड प्रकृतीचे प्लग आणि त्यांची लहान फट, टर्बोचे वजन पेलणारा बिडाचा मॅनिफोल्ड, चढ चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करणे, क्लच आणि ब्रेक यांची वाढीव तयारी, सर्वांना ठाऊक आहेत. चुकतात त्या कंटाळ्यामुळे.

हा विषय आता मांडण्याची कारणे आहेत. एकेकाळी टर्बोची ट्यूनिंग अनुभवी कानावर आणि काजळलेल्या प्लगवर चाले. २००१ पासून मेगास्क्वर्टसारखे स्वतः जुळवायचे इंजिन संगणक मिळू लागले, आणि धुरातला प्राणवायू अचूक मोजणारा वाइडबँड सेन्सर आता छोट्या गॅरेजच्याही आवाक्यात आहे. त्याच वेळी कारखान्यांनीच लहान टर्बो पेट्रोल इंजिने सर्रास बनवल्यामुळे कमी फेऱ्यांत जागे होणारे, पाण्याने थंड होणारे उत्तम टर्बो भंगार बाजारात येऊ लागले आहेत. साधने स्वस्त झाली. ती कशासाठी वापरायची याची समज मात्र विखुरलेली आहे, मराठीत तर जवळजवळ नाहीच. ही उणीव कोल्हापूरच्या उद्यमनगरापासून पुण्याच्या गल्लीतल्या गॅरेजपर्यंत, जिथे लेथवर मायक्रॉनमध्ये काम करणारे हात आहेत, तिथे अधिक जाणवते.

इंधनही बदलले आहे. भारतात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता सर्वत्र आहे. इथेनॉल नॉकिंगला रोखते आणि बाष्प होताना हवा थंड करते, त्यामुळे टर्बोसाठी ते वाईट नाही. पण शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळायला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला सुमारे १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन. जुन्या पेट्रोलवर जुळवलेले इंजिन या इंधनावर न बदलता चालवले तर बूस्टखाली मिश्रण पातळ पडते. शिवाय जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि पंपातले पडदे इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात. टर्बोच्या आधी त्या बदलणे अपरिहार्य आहे.

कायद्याची बाजूही स्पष्ट असलेली बरी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ ठळक केला. कॅलिफोर्नियात टर्बोसारखे भाग तिथल्या हवा मंडळाच्या सूट-क्रमांकाशिवाय रस्त्यावरच्या गाडीला चालत नाहीत, जर्मनीत तपासणी संस्थेची नोंद लागते. परदेशातल्या वाचकाने आपल्या देशाचा नियम आणि भारतातल्या वाचकाने आपले आरटीओ कार्यालय काम सुरू करण्याआधी गाठावे. विमा कंपनीलाही बदल कळवावा.

प्रस्तुत पुस्तक एका मर्यादित प्रश्नाला वाहिलेले आहे: चार किंवा सहा सिलिंडरचे, दोन-झडपी किंवा चार-झडपी जुने पेट्रोल इंजिन, एक टर्बो, अर्धा ते पाऊण बार बूस्ट आणि मूळ ताकदीच्या दीडपटीपर्यंतचे लक्ष्य. डिझेल, जोड-टर्बो आणि शर्यतीची इंजिने मुद्दाम वगळली आहेत, कारण त्यांचे हिशेब वेगळे आहेत आणि एकत्र मांडले की नवख्याचा गोंधळ होतो. मांडणी काम ज्या क्रमाने करावे लागते त्या क्रमाने आहे; त्यामुळे टर्बोची निवड बऱ्याच उशिरा येते आणि मोजमाप व तपासणी पहिल्या भागात. हिशेब सोडवून दाखवले आहेत, जेणेकरून दुसऱ्या इंजिनाचे आकडे घालून तेच पुन्हा करता यावेत. फुटलेल्या भागांच्या वर्णनाला भरपूर जागा दिली आहे; फुटलेला पिस्टन वाचता येणे हे ट्यूनिंगमधले अर्धे शिक्षण आहे.

पुस्तकातले बूस्टचे सर्व आकडे वातावरणाच्या दाबाच्या वरचे, बारमध्ये आहेत. तापमान सेल्सिअसमध्ये आणि फट मिलिमीटरमध्ये. हवा-इंधनाचे प्रमाण शक्य तिथे लॅम्डामध्ये, म्हणजे पूर्ण जळण्याला लागणाऱ्या हवेच्या पटीत, दिले आहे, कारण इथेनॉल किती टक्के आहे यावर १४.७ चा आकडा बदलतो, लॅम्डा एक मात्र एकच राहतो. पूर्ण बूस्टवर लॅम्डा ०.८० ते ०.८५ च्या दरम्यान धरला आहे, आणि प्रत्येक तक्त्यातली टायमिंगची सुरुवात मुद्दाम मागे ठेवली आहे. तिथून ती एकेक अंशाने पुढे न्यायची, प्रत्येक वेळी नॉकिंग ऐकून.